सात वेळा मेलेल्या वत्सलाबाई

वत्सलाबाई कुणाच्याही दारात हाक मारत नसत. कडी वाजवायच्या, तीही दोनदाच, आणि बाजूला सरून उभ्या राहायच्या. आतून "कोण हाय?" असं विचारलं तरी ओ द्यायच्या नाहीत. घरातल्या बाईनं दार उघडून इकडंतिकडं बघावं, तेव्हा भिंतीला लागून उभी असलेली ही उंच, काटकुळी बाई दिसायची. पाथरीच्या बायका याला शिष्टपणा म्हणायच्या. सुरुवातीला मीही तेच म्हणत होते.

आम्ही दोघी पाथरीच्या मुलींच्या शाळेत एकदमच लागलो. पोलीस ॲक्शनला दोन-अडीच वर्षं झाली असतील. निजामाचं राज्य गेलं, शाळांतली उर्दू मागं पडली आणि मराठी शिकवायला माणसं मिळेनात. मी पिंगळीची, शेतकऱ्याच्या घरातली. शिकले ती उर्दूत. त्यामुळे मराठी माझ्या तोंडात होती, हातात नव्हती. वत्सलाबाई इंग्रजी मुलखातून, पुण्याकडून आलेल्या. फळ्यावर मी केलेल्या वेलांट्यांच्या चुका त्या मुली यायच्या आधी हळूच पुसून नीट करून ठेवायच्या, आणि त्याबद्दल एक शब्द बोलायच्या नाहीत. मला ते दोन महिन्यांनी कळलं, तेही फळ्यावरचं अक्षर माझं नाही हे एका मुलीनं दाखवलं म्हणून.

राहायलाही आम्ही शेजारी होतो. चाँदबी नावाच्या एक विधवा बाई होत्या, त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. एक माझी, एक वत्सलाबाईंची. मधल्या भिंतीला वर फट होती, त्यामुळे त्यांच्या खोलीतलं सगळं मला ऐकू यायचं. पण ऐकू येण्यासारखं काही नसायचंच. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज, भांडं ठेवल्याचा आवाज, वहीचं पान उलटल्याचा आवाज. त्या स्वतःशी गुणगुणतसुद्धा नसत. पंचविशी नुकती उलटलेली बाई, नीटनेटकी, दिसायला चांगली, डोळे तर विलक्षण मोठे. डाव्या भिवईत एक खोक होती, तिथं केस उगवत नसत. पांढरं लुगडं त्यांनी कधी नेसलेलं मी पाहिलं नाही. तोंडाला पावडर नाही. भाकरी करताना पिठाचा हात चुकून गालाला लागला, तर तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, पण आधी तोंड धुवून येत.

वर्गात त्या ओरडत नसत. गलका झाला की टेबलाशेजारी नुसत्या उभ्या राहत. हात खाली सोडलेले, मान सरळ, डोळे समोर. हळूहळू एकेक मुलगी गप्प व्हायची. एकदा मी दारातून बघत होते. माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात त्यांची पापणी लवलेली नाही. मनात मोजायला लागले. ऐंशीच्या पुढं गेले तेव्हा माझेच डोळे चुरचुरायला लागले.

मधल्या सुट्टीत मात्र ही बाई वेगळी व्हायची. मुली गजगे खेळायला बसल्या की त्यांच्या कडेला उकिडवी बसायची आणि परीक्षेला बसल्यासारखी बघायची. गया म्हणून एक नऊ वर्षांची मुलगी होती, गावाबाहेरच्या वस्तीवरची, वर्गात सगळ्यात हुशार. तिनंच बाईंना शिकवायला घेतलं.

"बाई, तसं न्हाई. हात उलटा करा. आता वर झेला."

बाई झेलायच्या, गजगे मातीत सांडायचे.

"तुमी लहानपनी खेळला न्हाईत का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"फुगडी?"

"नाही."

"मंग काय खेळायच्या?"

बाईंनी गजगे गोळा केले आणि पुन्हा वर उडवले. पण महिनाभरात त्या पाचच्या पाच झेलायला लागल्या, आणि एका दुपारी लिंबाखाली गयाबरोबर फुगडी घालताना मी त्यांना पाहिलं. आमच्या हेडबाई खिडकीतून म्हणाल्या, "हे काय वय आहे का?" पण थांबवायला कुणी गेलं नाही.

निजामाच्या वेळची शुक्रवारची सुट्टी जाऊन तेव्हा रविवारची झाली होती. अशाच एका रविवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत वेलांट्या गिरवत बसले होते. मी सहज विचारलं, "बाई, तुम्ही पापणी न लववता इतका वेळ कशा काय उभ्या राहता?"

"कामासाठी शिकले होते," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाची पापणी लवत नाही."

मला काही समजेना. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं. भाजी निवडताना बोलावं तसं, खाली बघत.

त्यांचे वडील एका सिनेमा कंपनीत पेटी वाजवायचे. बोलपट नुकते निघाले होते. एका चित्रात विहिरीत पडून मेलेल्या पोरीचं भूत हवं होतं. वडील एक दिवस सहज सात वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन गेले. मालकांनी तिचे डोळे बघितले आणि म्हणाले, ही पोर उद्यापासून पाठवा. ते चित्र खूप चाललं. लोक थिएटरातून उठून पळाले म्हणे. मग काय, तसलीच चित्रं निघत गेली. "सात चित्रांत मेले मी," बाई म्हणाल्या. "दोनदा विहिरीत, एकदा आगीत, एकदा सापानं, बाकीचं आता आठवत नाही. प्रत्येक वेळी परत यायचं आणि दारात उभं राहून म्हणायचं, आई, दार उघड. सातही चित्रांत तेवढंच वाक्य. दुसरं वाक्य कधी मिळालं नाही."

मालकांचा हुकूम होता की पोरीनं रस्त्यात खेळायचं नाही, चारचौघांत हसायचं नाही. लोकांनी भुताला गजगे खेळताना बघितलं, तर पुढच्या चित्राला घाबरणार कोण? शेजारची मुलं तशीही तिच्याजवळ येत नव्हती. शाळेत घालायचा प्रयत्न झाला, तर बाकीच्या मुलींच्या आया भांडायला आल्या.

"आणि तुमची आई?" मी विचारलं.

"आईनं पहिलं चित्र बघितलं. बाबांनी हौसेनं नेलं होतं. त्यानंतर ती मला जवळ घेऊन झोपली नाही. दिवा मोठा करून ठेवायची. मी बाहेरून आले आणि आई, दार उघड म्हटलं की आतली हालचाल एकदम बंद व्हायची. ती दाराच्या मागे उभी आहे हे मला कळायचं. पण कडी निघायला फार वेळ लागायचा. मग मी हाक मारणं सोडलं. कडी वाजवायला लागले."

बाराव्या वर्षी त्या उंच झाल्या आणि काम संपलं. भूत मोठं झालं की कामाचं राहत नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा पहिल्यांदा थोडं हसल्या. पुढं आई गेली, वडील दुसऱ्या गावी कुठं तरी गेले. मुलींच्या वसतिगृहात राहून त्या शिकल्या, ट्रेनिंग झालं. तिकडं नोकरी होती, पण कुणी ना कुणी चेहरा ओळखायचं. पाथरीत थिएटर नाही असं कळल्यावर त्यांनी इकडं अर्ज केला.

"तुम्ही स्वतः ती चित्रं बघितली?"

"मला कोण आत घेणार? लोकांनी मला प्रेक्षकांत बघितलं असतं तर तिथंच गोंधळ झाला असता. एकही नाही बघितलं."

उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "कावेरी, हे शाळेत बोलू नकोस." मी बोलले नाही.

पण पुढच्या थंडीत गावात तंबूचा सिनेमा आला. कापसाचा हंगाम, लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळत होते. टांग्यातून बँड वाजवत जाहिरात फिरली, आणि टांग्याच्या मागं लावलेल्या पाटीवर पांढऱ्या तोंडाची, ताणलेल्या डोळ्यांची पोर होती. आम्ही शाळेतून येत होतो. वत्सलाबाई थांबल्या आणि टांगा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. "पहिलं," त्या म्हणाल्या.

दिवेलागणीच्या पहिल्याच खेळाला अर्धं गाव लोटलं. मुलीही बापाच्या खांद्यावर बसून गेल्या. पडद्यावर ते तोंड एवढं मोठं आलं, आणि भिवईतली खोक वर्गातल्या एका मुलीनं ओळखली. "ह्या तर आमच्या बाई हायेत," असं ती तंबूत मोठ्यानं बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गावभर झालं होतं.

त्याच दिवशी गयाला ताप भरला. हिवतापाचे दिवस होते, घरोघरी कुणी ना कुणी पडलेलं होतं. पण गया तापात बरळताना "बाई" म्हणाली, आणि लोकांना तेवढं पुरलं. वस्तीवरच्या मुली शाळेत यायच्या थांबल्या. मग तेल्यांच्या, मग साळ्यांच्या. त्या वर्गात पंचवीस मुली आणायला बाईंनी वर्षभर उन्हातान्हात एकेक घर पालथं घातलं होतं. शुक्रवारी वर्गात चार मुली होत्या.

हेडबाईंनी त्यांना बोलावलं. मीही तिथं होते. हेडबाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, "ती तुम्ही नव्हेत असं सांगून टाका. वीस वर्षांपूर्वीचं पोर. कोण बघायला आलंय?"

"मुलींना मी रोज सांगते, खोटं बोलू नका म्हणून."

"मग वर्ग बंद पडेल, बाई. वर लिहावं लागेल मला."

वत्सलाबाई म्हणाल्या, "आठ दिवस द्या."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी वस्तीवर गेलो. मी दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या घेतल्या होत्या. बाईंनी गयाच्या घराची कडी दोनदा वाजवली आणि बाजूला सरल्या. आतून गयाच्या आईचा आवाज आला, "कोन हाय?"

मी म्हटलं, "आमी शाळेतल्या. गयाला बघायला आलोत."

आतली चाहूल बंद झाली. मग दाराला अगदी लागून आवाज आला. "बाई, तुमच्या पाया पडते, पर जावा. पोरगी बरळायलीय. आमी अडाणी मानसं, आमाला काय कळतंय. एवढं लेकरू सोडा."

मी गोळ्या उंबऱ्यावर ठेवल्या, कशा द्यायच्या ते दाराला सांगितलं. वत्सलाबाईंकडं बघितलं तर त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, नजर कडीवर. शेतातून परत येताना निम्म्या वाटेवर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "लोकांनी भूत बघितलंय. भूत कसं करतात ते बघितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या सरळ तंबूवाल्याकडं गेल्या. त्याला त्यांनी नाव सांगितलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. त्यांनी फक्त बायकांसाठी दुपारचा एक खेळ मागितला.

"दुपारी दिसायचं न्हाई, बाई. तंबूत उजेड येतो."

तेव्हा चाँदबी कामाला आल्या. त्यांचा भाचा कापसाच्या जिनिंगात होता. त्याच्याकडून ताडपत्र्या आणून त्यांनी तंबूवर घालायला लावल्या, आणि मग स्वतः बुरखा घालून घरोघर फिरल्या. रात्रीच्या खेळाला बायकांना कोण नेत होतं? नुसत्या बायकांचा खेळ म्हटल्यावर भीती बाजूला ठेवून त्या यायला तयार झाल्या. जिथं कुणी कुरकुरलं तिथं चाँदबी म्हणायच्या, "मेरे घर में दो साल से रहती. मुझे तो कुछ नै हुआ. तुम क्या मेरे से नाजूक हो?"

तंबू भरला. काळोख झाला, आत बायकांच्या अंगाचा, तेलाचा, ताडपत्रीचा वास कोंडला. गयाचा ताप कोयनेलनं उतरला होता, तरी तिची आई तिला कडेवर घेऊन अगदी मागं, बाहेर पडायच्या वाटेला उभी होती. वत्सलाबाई पडद्याशेजारी नकाशाची छडी घेऊन उभ्या राहिल्या. तंबूबाहेर विजेचं इंजिन सुरू झालं.

त्यांचं ते पांढरं तोंड पडद्यावर आलं, तशा बायका मागं रेलल्या. बाईंनी छडी उचलली आणि वर्गात बोलायच्या त्याच आवाजात बोलायला लागल्या.

"ही मी. सात वर्षांची. तोंडाला तांदळाचं पीठ आणि खडूची भुकटी आहे. खाज सुटायची, पण हात लावायचा नाही. हा धूर राळेचा आहे. डोळ्यांत जातोय, म्हणून डोळे असे ताणलेत."

एक पोरगी पुढून म्हणाली, "पानी खरं हाय का?"

"घोट्याएवढं. ती विहीर नाही, लाकडाचं खोकं आहे. मागून दोन माणसं मला वर उचलतायत. आता डावीकडं नीट बघा, एखाद्याचं बोट दिसलं तर दिसेल."

बोट दिसलं. कुणीतरी हसलं. मग बायका पुढं सरकून बघायला लागल्या.

"इथं दिवा अंगावर पडला. ही भिवई तेव्हाच फुटली. रक्त पुसलं आणि पुढचं काम केलं. आणि इथं मी लटपटतेय ना, ते काम नव्हे. सकाळपासून खायला दिलेलं नव्हतं."

"का वो?" एका म्हातारीनं विचारलं. "खायाला का देत नव्हते?"

"पोट पुढं आलेलं भूत शोभत नाही म्हणून."

मग ती म्हातारी म्हणाली, "मेल्यांनी लेकरू उपाशी ठिवलं की." दुसऱ्या बायकांनी तेच पुन्हा म्हटलं. कुणी डोळ्याला पदर लावला.

आणि मग ते दार आलं. पडद्यावरची पोर एकटी, पाठमोरी, दारासमोर उभी. आत आई दाराला पाठ लावून उभी. पोर म्हणाली, "आई, दार उघड."

वत्सलाबाईंची छडी खाली आली. त्यांनीही हे पहिल्यांदाच बघितलं होतं, हे त्या तंबूत फक्त मला ठाऊक होतं. पडद्यावर आई हुंदके देत होती आणि कडीला हात लावत नव्हती. पोर पुन्हा म्हणाली, "आई, दार उघड."

मागून आवाज आला. गयाच्या आईचा. पडद्यावरच्या त्या बाईला ती रागानं म्हणत होती, "उघड की गं बया. लेकरू भाईर उभं हाय."

"उघड," म्हातारी म्हणाली.

"उघड गं, आपलंच हाय ते," आणखी कुणीतरी म्हणालं. मग सगळा तंबू म्हणायला लागला. पडद्यावरच्या आईनं दार उघडलं नाही. चित्रात ते उघडायचंच नव्हतं. वत्सलाबाई मातीत बसल्या आणि त्यांनी तोंड गुडघ्यांत घातलं. गया आईच्या कडेवरून घसरली, बायकांच्या मधून वाट काढत पुढं आली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिची आई तिला परत बोलवायला आली नाही.

सोमवारी वर्गात एकोणीस मुली होत्या, पुढच्या आठवड्यात चोवीस. एक मुलगी आलीच नाही, तिचं लग्न ठरलं होतं. बायका मुलींच्या हातून बाईंना हुरडा पाठवायच्या, तिळाची चटणी, गूळ. वर्ग वाचला. हेडबाईंनी वर काही लिहिलं नाही.

पण मला जे शेजारून दिसत होतं तेही सांगितलं पाहिजे. तंबूत बायकांनी जिला जवळ केलं ती सात वर्षांची उपाशी पोर होती. उंच, अबोल वत्सलाबाईंशी काय बोलावं हे त्यांना पूर्वीही कळत नव्हतं आणि नंतरही कळलं नाही. वाटेत दिसल्या की हात जोडायच्या, "बाई, बरं हाय का?" म्हणायच्या आणि पुढं जायच्या. तहसिलीत केशवराव म्हणून एक विधुर कारकून होते. दर रविवारी ते बाईंसाठी हैदराबादहून येणारा पेपर घेऊन यायचे, अंगणातल्या बाजेवर तासभर बसायचे. बाई त्या दिवशी चहात आलं घालायच्या. त्या खेळानंतर पेपर शिपायाबरोबर यायला लागला. तीन महिने नेमानं आला. केशवराव आले नाहीत. बाईंनी कधी त्यांचं नाव काढलं नाही. चहात आलं घालणं मात्र बंद झालं, एवढं भिंतीपलीकडून मला वासावरून कळलं.

एकदाच मी धीर करून विचारलं, "बाई, वाईट वाटतं का?"

त्या वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "त्या दिवशी माझी आई तिथं असायला हवी होती, असं वाटतं. दुसरं काही नाही."

पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली. माझं लग्न झालं, मी परभणीला आले. एक-दोन पोस्टकार्डं आली, वळणदार अक्षरात, खुशालीची. माझ्या उत्तरात वेलांटीची चूक असेल, या भीतीनं मी उत्तर लांबवत गेले आणि मग राहूनच गेलं. याची मला आजही लाज वाटते.

आमचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. मी नांदेडहून परभणीला गाडीनं येत होते. चुडाव्याला गाडी थांबली आणि खिडकीतून बघते तर फलाटावर वत्सलाबाई. केस कानशिलाजवळ पांढरे झालेले, नाकावर चष्मा. त्यांच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी होती, पत्र्याची पेटी घेतलेली, रडून डोळे सुजलेले. बाई तिला माझ्याच डब्यात चढवत होत्या.

"बाई," मी म्हटलं.

त्यांनी मला ओळखायला वेळ लावला नाही. "कावेरी. बरं झालं. ही मुलगी ट्रेनिंगला चाललीय परभणीला. पहिल्यांदाच घर सोडतेय. उतरवून घे."

"तुम्ही कशा आहात? इथं एकट्याच?"

"शाळा आहे ना," त्या म्हणाल्या. मग त्या मुलीला म्हणाल्या, "पाणी पिऊन घे. स्टेशनावरचं विकतचं काही खाऊ नकोस." शिट्टी झाली. त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला, माझ्या बोटांवर, क्षणभर, आणि काढून घेतला.

गाडी हलली. मुलगी रडतच होती. तिला बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "बाई तुझ्या कोण?"

"कोन न्हाई. मास्तरीन." तिनं पदरानं नाक पुसलं. "गावात कुनाच्या घरी जात न्हाईत, बसत न्हाईत. पर माझा बाप न्हाई म्हनत व्हता, तर चार दिस आमच्या वसरीत येऊन बसल्या. तुमी वळखता त्यायला?"

"एका शाळेत होतो आम्ही."

"त्या पहिलं काय व्हत्या?"

मी तिची पेटी बाकाखाली सरकवली. मग म्हटलं, "पहिल्यापासून मास्तरीणच."

रुळाच्या कडेनं गावाकडं जाणारी गाडीवाट होती. आगगाडी अजून रांगतच होती, तेवढ्यात मागं बाई त्या वाटेवर चालताना दिसल्या, छत्री बगलेत धरून, घाई न करता. मागून कापसानं भरलेली एक बैलगाडी आली. त्या ज्वारीत सरून उभ्या राहिल्या, तिला वाट द्यायला. बैलगाडी पुढं गेली नाही, थांबली. कापसावर बसलेल्या बाईनं काही तरी म्हटलं असावं. वत्सलाबाईंनी नको म्हणून हात हलवला. बैलगाडी तशीच उभी राहिली. मग त्यांनी छत्री वर दिली, मागच्या फळीवर चढून बसल्या आणि पाय खाली सोडले. तोंड आमच्याकडं होतं. आम्ही कोणत्या खिडकीत आहोत हे त्यांना दिसत नसावं, त्या नुसत्याच आगगाडीकडं बघत होत्या. मग वळण आलं आणि ज्वारी आडवी आली.